पैनगंगेचे दोन काठ

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता फुलसावंगी येथे एका शिक्षक कुटुंबाच्या घरी मिस्सा अर्पण करण्याचा योग आला. मिस्सेनंतर चहापाणी चालले असता त्या घरातील सातवीत शिकणारी मुलगी आपली वही घेऊन माझ्यापाशी आली. शाळेत ‘माझ्या गावाचा इतिहास’ या विषयावर चार पाने लिहून आणावयास सांगितले होते. पहिल्या पानावर तिने गावाचे नाव सुबक अक्षरांत काढले होते. दुसऱ्या पानावर मात्र संत फ्रान्सिस द सेल्स यांचे चरित्र होते: जन्म १५६७, वास्तव्य आन्सी या गावी, वगैरे. उरलेली दोन पाने कोरी होती. मी हसून विचारले, “अगं, फ्रान्समधले हे गाव फुलसावंगीच्या इतिहासात कसे आले?” ती गंभीरपणे म्हणाली, “वर्गातली पोरं म्हणतात, तुमचा इतिहास बाहेरचा हाय. म्हणून मी बाहेरचाच लिहिला, फादर.”

माझे हसू जागीच विरले. मुलांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. घरीदारी कानांवर पडलेले ती बोलत होती. पण त्या मुलीने ते मुकाट्याने मान्य केले होते, आणि त्याचे दुःख मला अधिक झाले. दोष तिचा नव्हता. तिच्या आईवडिलांना, आणि खरे सांगायचे तर तिच्या धर्मगुरूलाही, उरलेली दोन पाने भरता आली नसती. सेमिनरीत असताना ट्रेंटच्या विश्वपरिषदेची सत्रे मी सनावळीसह पाठ केली होती. पण ज्या नदीचे पाणी माझ्या धर्मग्रामातील माणसे पितात त्या पैनगंगेच्या काठी कोण नांदले, कोण लढले, कोणी काय बांधले, हे मला धड ठाऊक नव्हते.

यातून एका सहलीची कल्पना निघाली. दिवाळीच्या सुटीत पाच कुटुंबांनी मिळून, फुलसावंगीहून निघून, दोन दिवसांत माहूर, उनकेश्वर आणि सहस्रकुंड पाहून यावे असे ठरले. बेत कानांवर येताच एक वयोवृद्ध गृहस्थ मला भेटावयास आले. आयुष्यभर रविवारची मिस्सा न चुकविलेला हा माणूस. ते म्हणाले, “फादर, माहूरले लोकं देवीच्या दर्शनाले जाते. आपण कायले जाचं? वेलांकण्णीले चला, मी पयले पैसे भरतो.” त्यांची शंका प्रामाणिक होती, आणि ती या लेखाच्या वाचकांपैकी काहींच्याही मनात असेल. म्हणून मी त्यांना दिलेले उत्तर येथे नोंदवितो.

प्रेषितांच्या कृत्यांतील सतराव्या अध्यायात संत पौल अथेन्स शहरात हिंडताना दिसतो. तेथील मूर्तींनी त्याचे मन अस्वस्थ होते, तरीही तो तेथून पळ काढीत नाही. तो ते शहर पाहतो, तेथील पूजास्थाने न्याहाळतो, वेदीवरील लेख वाचतो, आणि मग अरियपगावर उभा राहून अथेन्सकरांशी त्यांच्याच कवींचा आधार घेऊन बोलतो. ज्याने पाहिलेच नाही त्याला असे बोलता आले नसते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी अन्य धर्मांविषयीचे आपले घोषणापत्र प्रसिद्ध केले. त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, हे त्यात स्पष्ट सांगितले आहे. दुसऱ्याच्या घरी आपण पादत्राणे काढून जातो, त्याची विचारपूस करतो आणि आपल्या घरी परत येतो. त्याने आपले घर बदलत नाही. गृहस्थांनी ऐकून घेतले. पटले असे ते म्हणाले नाहीत. पण निघण्याच्या दिवशी पहाटे शिदोरीची पिशवी घेऊन ते जीपपाशी उभे होते.

नदीची वाट

फुलसावंगी हे महागाव तालुक्यातील गाव. कापूस, सोयाबीन आणि तूर यांची काळी शिवारे, त्यांपलीकडे सागाचे डोंगर, मधून मधून बंजाऱ्यांचे तांडे आणि आंध समाजाच्या वस्त्या, असा हा सारा मुलूख. २०२१ साली या गावातील एका तरुण कारागिराने स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर बनविले आणि चाचणी घेताना त्याचा अंत झाला. तेव्हा वर्तमानपत्रांतून फुलसावंगीचे नाव चार दिवस सर्वत्र झळकले. एरवी हे नाव बाहेर कोणी घेत नाही. पण ज्या नदीच्या खोऱ्यात हे गाव वसले आहे, तिचे नाव इतिहासाने अनेकदा घेतले आहे.

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. वाशीम आणि हिंगोलीच्या मुलखातून ती इसापूरच्या धरणात येते आणि तेथून पुढे दीर्घ अंतर यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांची सीमा होऊन वाहते. अखेरीस ती वर्धा नदीस मिळते. वर्धा वैनगंगेस मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत विसर्जित होते. आपल्या भागात या नदीने एक चमत्कारिक वळण घेतले आहे. उमरखेडच्या दक्षिणेने पूर्वेकडे निघालेली ही नदी सहस्रकुंडानंतर उत्तरेकडे वळते, माहूरच्या डोंगरांना वळसा घालते आणि पुन्हा किनवटच्या दिशेने खाली उतरते. या वळणाच्या कुशीत सुमारे ३२५ चौरस किलोमीटरचे पैनगंगा अभयारण्य आहे. नकाशावर बोट फिरवून मुलांनी ते वळण पाहिले, तेव्हा एक मुलगा म्हणाला, “नदी परत आली, फादर!” हे वळण लक्षात ठेवावे. पुढे सांगावयाच्या बऱ्याच गोष्टी त्यानेच घडविल्या आहेत. घनदाट सागवन, उंच डोंगर आणि बाजूंनी नदी अशी जागा राज्यकर्त्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

माहूर

माहूरला आम्ही प्रथम पांडवलेणी पाहिली. नाव पांडवांचे असले तरी ही खोदकामे राष्ट्रकूट काळातील मानली जातात. वेरूळचे कैलास मंदिर ज्या राजवंशाने खोदविले, त्याच वंशाच्या काळातील ही धाकटी भावंडे. खडकातून कोरलेले खांब, अंधाऱ्या सभागृहाचा गारवा आणि भिंतींवर मागाहून कोणीकोणी खरडलेली आपापली नावे. हजार वर्षांपूर्वी ज्यांनी छिन्नी चालविली त्यांनी आपले नाव कोठेही कोरले नाही, ही गोष्ट मी मुलांच्या ध्यानी आणून दिली.

तेथून डोंगरावर गेलो. रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूया ही तीन शिखरे माहूरची ओळख होत. महाराष्ट्रातील देवीच्या साडेतीन शक्तिपीठांत माहूरची गणना होते. परशुरामाने आपल्या मातेचा अंत्यविधी येथे केला अशी कथा असून मातृतीर्थ हे कुंड त्या कथेशी जोडलेले आहे. मंदिर यादवकाळातील मानतात. गाभाऱ्यात देवीची पूर्ण मूर्ती नसून शेंदुराने माखलेले भव्य मुख आहे, आणि प्रसाद म्हणून कुटलेल्या विड्याचा तांबूल देतात. आम्ही दूर उभे राहिलो. आंध्र, तेलंगण आणि वऱ्हाडातून आलेल्या बाया कडेवर लेकरे घेऊन पायऱ्या चढत होत्या. कोणाचे नवस, कोणाची दुखणी. आमच्या शिदोरीवाल्या गृहस्थांच्या पत्नी हलकेच म्हणाल्या, “वेलांकण्णीच्या पायऱ्यांवर आपल्या बाया अशाच चढते.” गृहस्थ काही बोलले नाहीत, पण एका म्हातारीची पिशवी त्यांच्या हाती आलेली मी पाहिली.

याच माहुरात सोनापीर बाबांचा दर्गा आहे. महानुभाव पंथीयांचे देवदेवेश्वर मंदिर आहे. ज्या पंथाने तेराव्या शतकात ऋद्धिपूरला ‘लीळाचरित्र’ देऊन मराठी गद्याचा पाया घातला, त्या पंथास माहूर पवित्र. एवढ्याशा परिघात इतक्या श्रद्धा शेजारी शेजारी नांदल्या, आणि त्या प्रत्येकीने बोलण्यास भाषा घेतली ती बहुतांशी आपलीच. आम्ही ज्या मराठीत प्रार्थना करतो, ज्या मराठीत फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, ती भाषा या अशा डोंगरांवरून उतरत आपणापर्यंत आली आहे.

दुपारी किल्ल्यावर गेलो. तटबंदी, बुरूज, हत्ती दरवाजा, आत तलाव. आणि तटावर उभे राहिले की दरीत पैनगंगेची रेघ. गोंड, यादव, बहमनी अशा सत्ता येथे आल्या. बहमनी वजीर महमूद गावान याने राज्याच्या चार मोठ्या सुभ्यांचे आठ केले, तेव्हा वऱ्हाडचे दोन भाग झाले: एकाचे ठाणे गाविलगड, दुसऱ्याचे हे माहूर. सुभेदार फार बलवान होऊ नयेत हा त्यातील हेतू. सुभेदारांना तो रुचला नाही, आणि १४८१ साली कपटाने रचलेल्या आरोपावरून या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत बहमनी राज्य फुटले आणि १४९० मध्ये वऱ्हाडची इमादशाही उभी राहिली. १५७४ साली निजामशाहीने ती गिळली, आणि १५९६ साली चांदबिबीला वऱ्हाड मोगलांच्या हवाली करावे लागले.

१६२३ साली या तटाखाली एक नामांकित फरारी आला. बापाविरुद्ध, म्हणजे बादशहा जहांगीराविरुद्ध, बंड करून हरलेला शाहजादा खुर्रम तापी ओलांडून दक्षिणेत उतरला. माहूरच्या किल्ल्यात त्याने आपले हत्ती व जड सामानसुमान उदाराम नावाच्या येथील सरदाराकडे ठेवले आणि तो गोवळकोंड्याच्या वाटेने पुढे बंगालकडे निघाला. पाच वर्षांनी हाच शाहजादा शाहजहान म्हणून तख्तावर बसला. ताजमहाल बांधणारा बादशहा एके काळी आपल्या फुलसावंगीच्या शेजारी आश्रय शोधीत आला होता, हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारले.

याच उदारामाच्या घराण्यातील सावित्रीबाई पुढे स्वतः फौजेचे नेतृत्व करू लागल्या. औरंगजेबाने त्यांना ‘रायबागन’, म्हणजे राजव्याघ्री, हा किताब दिला. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या मोगली फौजेस कोंडीत पकडले, तेव्हा रायबागन त्या फौजेत होत्या. लढणे व्यर्थ आहे, शरण जावे, हा शहाणा सल्ला खानाला त्यांनीच दिला, आणि महाराजांनी खंडणी घेऊन फौजेस वाट दिली.

“म्हणजे ती आपल्या बाजूनं नव्हती?” आमच्या सातवीतल्या मुलीने निराश होऊन विचारले. नव्हती. शौर्य तिचे, गाव आपल्या शेजारचे, पण निष्ठा दिल्लीच्या तख्ताशी. इतिहासात आपल्याला हवी तशीच माणसे भेटतील असे नाही, एवढेच मी तिला सांगितले. ते सांगताना आपल्याच मिशनच्या इतिहासाची मला आठवण झाली. आपले आद्य मिशनरी त्यागी होते. पण ते आले तो काळ इंग्रजी छावण्यांचा आणि इंग्रजी परवान्यांचा होता. त्यांचा त्याग सांगताना हेही सांगण्यास आपण कचरू नये. आपणच ते सांगितले तर दुसऱ्यास ते टोमणा म्हणून सांगावे लागणार नाही.

सरहद्द

रात्री माहूरला मुक्काम केला. जेवणानंतर मुलांना नदीची आणखी एक गोष्ट सांगितली. ती किल्ल्यावर कोठेही कोरलेली नाही, पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या आयुष्यावर ती सर्वांत खोल कोरली गेली.

१७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर दक्षिणेत निजामाची सत्ता स्थिर झाली, आणि पैनगंगेचे दोन्ही काठ निजामाचे म्हणवले जाऊ लागले. वऱ्हाडात नागपूरकर भोसल्यांचाही वसुलीचा वाटा असे. पुढे निजामाकडे इंग्रजांच्या फौजेचा खर्च थकला, आणि १८५३ च्या तहाने त्याने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. त्या दिवसापासून ही नदी सरहद्द झाली. अलीकडे, म्हणजे पुसद-उमरखेड-महागावच्या बाजूस, इंग्रजी अंमल. पलीकडे माहूर-किनवटला निजामी अंमल. १९०२ साली हा ताबा कायम पट्ट्याचा झाला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांतास जोडले गेले. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडला तेव्हा पुसद तालुका यवतमाळकडे आला. आपण यवतमाळ जिल्ह्याचे झालो ते तेव्हा.

नदी उतरली की नाणे बदले. पलीकडे निजामाचा हाली शिक्का, अलीकडे कंपनीचा आणि मग राणीचा रुपया. पलीकडे कचेरीची भाषा उर्दू, टपालाची तिकिटेसुद्धा वेगळी. पण सोयरिकी दोन्ही काठांवर होत, यात्रा दोन्ही काठांची भरे, आणि नदीला उतार असला की गुरे या काठाची त्या काठावर चरून येत. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ जंगल सत्याग्रह केला, तो इंग्रजांच्या कायद्याविरुद्ध. पलीकडच्या काठावरील लोकांना आधी निजामाच्या अमलातून सुटायचे होते. १९४७ साली अलीकडे स्वातंत्र्य आले. पलीकडे ते आले नाही. पुढील वर्षभर हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी सरहद्दीलगत विदर्भाच्या बाजूने छावण्या घातल्या, त्यांत उमरखेडची छावणी होती. रझाकारांच्या भीतीने माणसे नदी ओलांडून अलीकडे आली आणि अलीकडच्यांनी त्यांना ओसऱ्या दिल्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली.

तरी दोन्ही काठ लगेच एक झाले नाहीत. अलीकडचा काठ मध्यप्रदेश राज्यात राहिला, पलीकडचा हैदराबाद राज्यात, तोही आदिलाबाद जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, किनवटचा मुलूख नांदेड जिल्ह्यास जोडला गेला, आणि दोन्ही काठ प्रथमच द्विभाषिक मुंबई राज्यात आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. म्हणजे १८५३ ते १९५६ अशी तब्बल १०३ वर्षे पैनगंगा ही दोन राज्यांतील रेघ होती.

आपल्या ख्रिस्तसभेच्या नकाशावर ती रेघ आजही आहे. १९५५ साली नागपूर महाधर्मप्रांताच्या प्रदेशातून अमरावती धर्मप्रांत निर्माण झाला. यवतमाळ जिल्हा त्यात येतो. १९७७ साली अमरावतीतून औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला. नांदेड जिल्हा त्यात येतो. माहूरला आम्ही ज्या खोलीत रात्रीची प्रार्थना म्हटली ती खोली माझ्या महागुरुस्वामींच्या धर्मप्रांतात नव्हती. हे मुलांना सांगताच त्यांनी विचारले, “मग आता आपण परगावचे झालो का?” मी म्हटले, प्रार्थना तीच आहे ना?

ऊन पाणी आणि पडते पाणी

दुसऱ्या दिवशी सकाळी उनकेश्वरला गेलो. किनवट तालुक्यातील या ठिकाणी जमिनीतून गंधकयुक्त गरम पाण्याचे झरे वाहतात. शेजारी शिवमंदिर आहे, यादवकाळातील शिलालेख आहे. शरभंग ऋषींच्या अंगावरील व्याधी बरी व्हावी म्हणून रामाने बाण मारून हे पाणी काढले अशी लोककथा आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्वचारोगाने पीडलेली माणसे येथे स्नानास येत आली आहेत. कुंडाच्या पायरीवर पाय सोडून एक मध्यमवयीन माणूस बसला होता. त्याच्या बोटांकडे पाहून एका मुलाने पाय मागे घेतले. मी त्याला योहानलिखित शुभवर्तमानातील बेथेस्दा तळ्याची गोष्ट विचारली. पाच ओसऱ्या, पाणी हालण्याची वाट पाहणारे आजारी, आणि अडतीस वर्षे पडून असलेला तो माणूस, ज्याला पाण्यात सोडावयास कोणी नव्हते. गोष्ट त्याला पाठ होती. तो पुन्हा जाऊन त्या माणसाशेजारी बसला. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी वर्षभर शिकविले असते तरी याहून अधिक शिकविता आले नसते.

परतीच्या वाटेवर सहस्रकुंड. पैनगंगा येथे काळ्या बसाल्ट खडकाच्या कड्यावरून एकदम खाली उडी घेते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा खडक घासून घासून इतका गुळगुळीत झाला आहे की तो ओतीव लोखंडाचा वाटावा. पावसाळ्यात सारा कडा एकच धार होतो. पाणी ओसरले की शेकडो धारा वेगळ्या दिसतात आणि सहस्रकुंड हे नाव सार्थ वाटते. सहलीस जाणाऱ्यांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात जावे. पण खडकावर उतरू नये. वरच्या धरणातून पाणी सोडले की नदी क्षणात चढते, आणि निसरड्या कातळावर दरवर्षी कोणा ना कोणाच्या घरचा दिवा विझतो.

या धबधब्याच्या नांदेडच्या बाजूस इस्लापूर, यवतमाळच्या बाजूस मुरली. आम्ही इस्लापूरच्या बाजूने पाहत होतो. समोरच्या काठावर, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, कोणाची तरी सहल आलेली होती. पाण्याच्या गर्जनेत हाक ऐकू जाणे शक्य नव्हते. मुलांनी हात हलविले. तिकडूनही हात हलले. शंभर वर्षांपूर्वी त्या दोन काठांवरील माणसांच्या खिशांत वेगवेगळी नाणी असती.

आन्सीचे पाणी

आता त्या वहीतील दुसऱ्या पानाकडे वळतो. ते पान फाडून टाक असे मी मुलीस सांगितले नाही.

काही वर्षांपूर्वी रोमहून परतताना मला दोन दिवस आन्सी पाहण्याची संधी मिळाली. डोंगरांच्या पायथ्याशी निळे सरोवर आहे आणि त्यातून निघालेली थिऊ ही लहानशी नदी जुन्या गावाच्या मधोमध वाहते. नदीच्या पात्रात, नावेच्या नाळेसारखा निमुळता, दगडी वाडा उभा आहे. तो बाराव्या शतकातला. तेथे कधी कचेरी होती, कधी टांकसाळ, कधी तुरुंग. वर टेकडीवर किल्ला. एका बाजूस व्हिझिटेशन मठाचे मंदिर, जेथे संत फ्रान्सिस द सेल्स आणि संत जेन द शांताल यांचे अवशेष आहेत. मला गाव दाखविणारा वृद्ध गृहस्थ प्रत्येक पुलावर थांबत असे आणि आपल्या आजोबांविषयी बोलावे तशा जिव्हाळ्याने चार शतकांपूर्वीच्या गोष्टी सांगत असे. मला त्याचा हेवा वाटला. माझ्याकडे कोणी पाहुणा आला तर पैनगंगेच्या पुलावर उभे राहून मी त्याला काय सांगणार होतो?

त्या गृहस्थाकडून मला आणखी एक गोष्ट उमगली. आन्सी हे सॅव्हॉय प्रांतातले गाव. भाषा फ्रेंच, पण राज्य सार्डिनियाच्या राजाचे. १८६० साली तहाने तो प्रांत फ्रान्सला मिळाला. संत फ्रान्सिस तर जिनिव्हाचे बिशप होते. पण ते शहर कॅल्व्हिनपंथीयांच्या हाती असल्याने त्यांना आन्सीतच राहावे लागे. आपल्या पीठापासून दूर, सीमेवर राहून, त्यांनी तलवारीऐवजी सौजन्याने आणि लेखणीने काम केले. म्हणूनच १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते संत घोषित केले. त्यांचा देवाच्या प्रेमावरील महाग्रंथ १६१६ सालचा, म्हणजे फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ निघाले त्याच वर्षाचा. १६२२ च्या डिसेंबरात संत फ्रान्सिस निवर्तले आणि दुसऱ्या वर्षी शाहजादा खुर्रम माहूरला आला.

१८३८ साली फादर पीटर मेर्मिये यांनी याच आन्सीच्या धर्मप्रांतात संत फ्रान्सिस यांच्या नावाने मिशनऱ्यांचा संघ स्थापिला. १८४५ साली त्यांतील पहिली तुकडी भारताकडे निघाली आणि १८४६ च्या आरंभी विशाखापट्टणास पोचली. नागपूर त्या मिशनच्या कक्षेत होते. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत वेगळा झाला आणि अलेक्सिस रिकाझ त्याचे पहिले बिशप झाले. त्या नागपुरातून अमरावती, आणि अमरावतीच्या कुशीत आपली ही लहान लहान धर्मग्रामे. ते मिशनरी निघाले तेव्हा त्यांचे स्वतःचे गाव फ्रान्सचे नव्हते. १८५३ नंतर आपले वऱ्हाड जसे निजामाचे म्हणावे की इंग्रजांचे हा प्रश्न होता, तसाच तेथेही होता. सीमेवरच्या माणसांनी सीमेवरच्या माणसांकडे शुभवर्तमान आणले. मुलीच्या वहीतील दुसरे पान बाहेरचे होते खरे, पण पहिल्या पानाशी त्याची शिवण घट्ट होती. ती तिला कोणी दाखविली नव्हती, एवढेच.

दोन कोरी पाने

परत आल्यावर तिने ती पाने भरली. तिसऱ्या पानावर माहूर, शाहजादा खुर्रम आणि रायबागन. चौथ्यावर नदी सरहद्द कशी झाली आणि कशी संपली. शेवटी एक वाक्य तिने स्वतःच्या मनाने लिहिले होते: तिच्या पणजीचे माहेर पलीकडच्या काठाचे, निजामाच्या राज्यातले होते. ही माहिती तिने घरी विचारून मिळविली होती. घरात ती कोणी कधी सांगितली नव्हती, कारण कोणी कधी विचारलीच नव्हती. त्या पणजीच्या काळी त्या घरात ख्रिस्ती श्रद्धा आलेली नव्हती. पण इतिहास श्रद्धेबरोबर सुरू होत नाही. तो त्याआधीपासून वाहत असतो. बाप्तिस्म्याने आपले पाप धुतले जाते, पूर्वज धुतले जात नाहीत.

धर्मग्रामातील कुटुंबांना माझी एक विनंती आहे. या नाताळापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसापाशी वही घेऊन बसावे. कोणत्या काठावरून आलो, कोणत्या साली, कोणत्या दुष्काळात वा कोणत्या सोयरिकीने. पहिली मिस्सा कोणाच्या ओसरीवर झाली. धर्मगुरू कशावर बसून येत, बैलगाडी की घोडा. हे सारे लिहून काढावे. वेळ फार नाही. माणसे जात आहेत, आणि काठही जाऊ शकतात. पैनगंगेवर माहूरच्या खालच्या अंगास निम्न पैनगंगा प्रकल्पाचे मोठे धरण योजलेले असून १९९७ साली त्याला प्रशासकीय मान्यता मिळाली. यवतमाळ आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतील बुडीत क्षेत्रातील गावांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला आहे. धरण असावे की नसावे हा या लेखाचा विषय नव्हे. पण गाव पाण्याखाली गेले की त्याच्या ओसरीवर बसून विचारावयाचे प्रश्नही पाण्याखाली जातात.

आमच्या शिदोरीवाल्या गृहस्थांनी परवा मला थांबविले. म्हणाले, “फादर, माह्या बापानं इसापूरच्या वर, त्या पाण्यात गेलेल्या एका गावात सालगडी म्हणून काम केलं. ते लिहाचं का?”

मी म्हटले, “आधी तेच लिहा.”